गोंडघर फाट्याची आठवण

चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, छापा पडला आणि बांगलादेशी मजूर सापडले, अशी बातमी आली की आमच्या रत्नागिरीकडे पुढचे आठ दिवस दुसरा विषय नसतो. रिक्षास्टँडवर, मासळी बाजारात, तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर तीच चर्चा. गेल्या वर्षभरात या चर्चेने वेगळं वळण घेतलं आहे. आमच्या गावात ग्रामसभेने ठराव केला: परप्रांतीयांना खोली भाड्याने द्यायची नाही, फेरीवाल्यांना वाडीत शिरू द्यायचं नाही, बागेवर गुरखा ठेवायचा असेल तर आधी पोलीसपाटलाला विचारायचं. ठरावाच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, "किनारा आपला, उद्या काय झालं तर मरणार आपण." विरोधात बोलायला उठलेल्या दोघांना ओरडून खाली बसवलं. मी त्या सभेला होतो आणि गप्प बसलो. ते सलत राहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो. कोकणचा किनारा ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे आणि ती राखलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ही सीमा आजवर जेव्हा जेव्हा फुटली, तेव्हा ती पोटासाठी आलेल्या मजुराने फोडलेली नाही. ती फुटली विकल्या गेलेल्या पहारेकऱ्यामुळे आणि न ऐकल्या गेलेल्या माणसामुळे. आपण मात्र गुन्हा आणि स्थलांतर या दोन गोष्टी एकाच पाटीत टाकून बसलो आहोत. त्याने गुन्हेगार निसटतो, मजूर भरडला जातो आणि किनारा होता तितकाच उघडा राहतो.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. परवानगीशिवाय देशात येऊन राहणं हा गुन्हा आहे आणि कुठलंही सार्वभौम राज्य तो तसाच मानणार. खोट्या जन्मदाखल्यावर आधारकार्ड काढलं जात असेल तर तो धोका खराच आहे. त्यात उद्या कोण कोणाच्या नावाने वावरेल याची खात्री राहत नाही. बागेत, खाणीवर, बोटीवर कोण काम करतो याची नोंद पोलिसांकडे असावी ही मागणीही रास्त आहे. खून करून रातोरात पळालेल्या कामगाराचं खरं नावच मालकाला माहीत नसतं, असे प्रकार इथे घडले आहेत. आणि सगळ्यांत मोठा मुद्दा: 12 मार्च 1993 ला मुंबईत 257 माणसं मारणारं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरलं. ज्यांच्या मनात ती भीती आहे त्यांना भित्रे म्हणणाऱ्यातला मी नाही. माझ्याही मनात ती आहे.

पण मग ते आरडीएक्स उतरलं कसं, हे आपण नीट आठवायला हवं. जानेवारी 1993 मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला. दोन्ही ठिकाणं श्रीवर्धन तालुक्यातली. रात्री समुद्रातून होडी लागली, माल ट्रकात चढला, ट्रक घाटाकडे निघाले. त्यातले दिघीहून निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले होते. हे मुद्दाम पुन्हा लिहितो: अडवले होते. नाकाबंदी होती, पोलीस जागेवर होते, ट्रक हातात होते. मग घासाघीस झाली, लाखांत आकडा ठरला, रोख रक्कम हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि ट्रक सोडले. कस्टमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपासून साध्या शिपायांपर्यंत किती जण यात सामील होते, ते टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाच्या 2006-07 च्या निकालांत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 21 मार्च 2013 च्या निकालात नोंदलेलं आहे. त्या फाट्यावर एकही परदेशी मजूर उभा नव्हता. ज्यांचं बायोमेट्रिक कार्ड काढायचं, ज्यांचं आधार तपासायचं, ज्यांना गावात खोली द्यायची नाही, असं तिथे कोण होतं?

यामागे आणखी जुना इतिहास आहे. 1962 मध्ये सोन्यावर नियंत्रणं आली, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला. दुबईतलं सोनं आणि मुंबईतलं सोनं यांच्या भावात मोठी तफावत पडली आणि त्या तफावतीवर किनाऱ्यावरच्या बंदराबंदरात 'लँडिंग'चा, म्हणजे चोरटा माल उतरवण्याचा, धंदा उभा राहिला. होडी कुणाची, जागा कुणाची, डोक्यावरून माल कोण वाहणार, नाक्यावर कुणाला किती द्यायचे, सगळं ठरलेलं. लोकांना कळत होतं, पण सोनंच तर आहे, त्याने कुणाचं काय बिघडतं, अशी सगळ्यांची समजूत होती. पोलिसांची, कस्टमची, आणि खरं बोलायचं तर गावाचीही. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, 1992 मध्ये अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणता येऊ लागलं आणि सोन्याच्या लँडिंगमधला नफा आटू लागला. वाट मात्र तशीच राहिली. होड्या, माणसं, हप्ते, डोळेझाक, सगळं जागच्या जागी होतं. त्या तयार वाटेवरून पुढच्याच वर्षी आरडीएक्स आलं. सोन्याला डोळे मिटणाऱ्याला मालाच्या पेटीत यावेळी काय आहे हे विचारण्याची सवयच उरली नव्हती. आज तीच वाट डिझेलची आणि अमली पदार्थांची आहे. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी भागात आणि तिकडे श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं लागत होती, तेव्हा कित्येक दिवस वाळू तुडवून ती गोळा करावी लागली. समुद्रात ती कुणी टाकली आणि किनाऱ्यावर कुणासाठी निघाली होती, याबद्दल आमच्या ग्रामसभेत एक शब्द निघाला नाही. वाडीत चादरी विकायला येणाऱ्या माणसाबद्दल मात्र दीड तास चर्चा झाली.

यावर कुणी म्हणेल, 1993 जुनं झालं. 2008 नंतर सगळं बदललं. बरंच बदललं हे खरं आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये दहा जण कराचीहून निघाले, पोरबंदरची 'कुबेर' बोट त्यांनी समुद्रात पळवली, खलाशांना आणि तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मारलं आणि 26 तारखेच्या रात्री रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. 166 माणसं गेली. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, तटरक्षक दलाचं बळ वाढलं, नौदलावर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, 'सागर कवच' सराव सुरू झाले, समुद्रावर काही संशयास्पद दिसलं तर कळवायला 1093 हा फोन नंबर आला. या सगळ्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या रात्रीची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ते दहा जण उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वस्तीतल्या कोळ्यांनी. ही पोरं आपल्यातली नाहीत, यांच्या पाठीवरच्या पिशव्या जड आहेत, यांनी होडी बांधली ती दर्यावर्दी माणसासारखी नाही, हे ज्याचा जन्म पाण्यावर गेला त्याला एका नजरेत कळतं. त्यांनी हटकलंही. रडार नव्हतं, कॅमेरा नव्हता, माणसाचा डोळा होता आणि तो चुकला नव्हता. त्या डोळ्याचं ऐकणारी यंत्रणा तिथे नव्हती.

ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली बोट लागली, तेव्हा अख्ख्या रायगडात हलकल्लोळ झाला. पुढे कळलं की ती 'लेडी हान' नावाची नौका, एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये समुद्रात सोडून द्यावी लागलेली. घातपात नव्हता. पण एक सोडून दिलेली नौका भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने तरंगत आली आणि शेवटी ती दिसली कुणाला? किनाऱ्यावरच्या माणसांना. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, समुद्रावर आपला एकही डोळा नसतो. त्या दोन महिन्यांचं काय करायचं, हा खरा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तो विचारायला कुणालाही परप्रांतीय लागत नाही.

आता खरा पेच. किनाऱ्याचा डोळा म्हणजे मच्छीमार, असं आपण म्हणतो. पण आज रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे उभं राहून पाहा. पर्सनेटवर, म्हणजे घेर टाकून मासळी धरणाऱ्या मोठ्या बोटींवर, जाळं ओढणारे निम्म्याहून जास्त हात बाहेरचे दिसतील. नेपाळचे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत. आपली पोरं मुंबई-पुण्याला गेली. चाकरमान्याच्या घराला कुलूप आणि गणपतीला दहा दिवस उजेड, हे कोकणचं चित्र कुणी बाहेरच्याने काढलेलं नाही. हापूसच्या बागेत मोहोर आल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत राखण करणारा नेपाळी असतो, कारण वानरांच्या मागे दिवसभर धावायला आणि रात्री खोपटीत झोपायला वाडीतला कुणी तयार नाही. म्हणजे ज्यांना आपण संशयित म्हणतो, तेच आज समुद्रावर आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, आपले सर्वांत जास्त तास जागे असणारे डोळे आहेत. त्या खलाशाला रात्री दोन वाजता अनोळखी होडी दिवे मालवून जाताना दिसली, तर त्याने 1093 ला फोन लावावा असं आपल्याला वाटतं की नाही? आणि फोन लावला की पहिला प्रश्न "तू कुठला, कागद दाखव" असा येणार, हे त्याला ठाऊक असेल तर तो लावेल का?

इथे कायद्याचीही एक गल्लत चालते. नेपाळी माणूस घुसखोर नव्हे. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, काम-व्यापार करण्याची, मालमत्ता घेण्याची मुभा दिली आहे. त्याला व्हिसा लागत नाही. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादचा, मालद्याचा बंगाली मजूर तर भारतीय नागरिकच आहे. त्याची भाषा सीमेपलीकडच्या माणसासारखी आहे एवढाच त्याचा दोष. 2025 च्या जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या अशाच काही बंगाली भारतीयांना पकडून पूर्व सीमेवर नेलं गेलं आणि रात्री पलीकडे ढकललं गेलं. नंतर कागदपत्रं खरी निघाली आणि त्यांना परत आणावं लागलं. आपल्याच नागरिकाला परदेशात ढकलणं ही सीमेची राखण कशी झाली? परदेशी असल्याच्या संशयावरून पकडलं तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर असतं. 1946 च्या परकीय नागरिक कायद्यापासून हे असंच आहे. ज्याच्या झोपडीचं पत्र्याचं छप्पर दर पावसात गळतं, त्याने बापाचा जन्मदाखला कुठून आणायचा? आणि हाच नियम उद्या आपल्या एखाद्या धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्याला लावला, तर तो काय दाखवणार आहे?

बरं, जो खरोखर बांगलादेशी असून चोरून आला आहे, त्याचं काय? त्याच्यावर कायद्याने खटला चालावा, शिक्षा व्हावी, त्याला परत पाठवावं. माझी हरकत एवढीच की कारवाई त्याच्यापाशी सुरू होऊन त्याच्यापाशीच संपते. तो सीमेवरच्या बेनापोलजवळून नाहीतर नदीपात्रातून आत आला, दोन हजार किलोमीटर आला आणि थेट आमच्या सड्यावरच्या चिरेखाणीत पोचला, हे आपसूक घडत नाही. मध्ये दलाल आहे, कागद करून देणारा आहे, मुकादम आहे, आणि शेवटी खाणमालक आहे. स्थानिक गड्याला द्यावी लागते त्याहून कमी मजुरी, ना विमा, ना रजा, दगडाच्या धुळीत दिवसभर राबणं, आणि तक्रार केली तर "पोलिसांत देईन" ही धमकी. ज्याला तक्रारच करता येत नाही असा मजूर धंद्याला स्वस्त पडतो. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना आणि प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेलं पासबुक सक्तीचं केलं होतं. ते पासबुक माझ्या उभ्या आयुष्यात एकाही खाणीवर, एकाही जेटीवर मी पाहिलेलं नाही. मालक नोंद टाळतो कारण नोंद झाली की मजुरी द्यावी लागते. ग्रामसभेच्या ठरावात खोली भाड्याने देणाऱ्या विधवेला दंड आहे. खाणमालकाला नाही. तो सभेत पहिल्या रांगेत बसला होता.

सीमा म्हणजे काय, हे कोकणाला शिकवायची गरज नाही. 1961 पर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा आपल्या सिंधुदुर्गातून जात होती. माझी आत्या आरोंद्याला दिलेली. तेरेखोलच्या खाडीपलीकडे किरणपाणी, म्हणजे पोर्तुगालचं राज्य. तिकडे नात्यातली लग्नं, इकडे देव एक, आणि मधून सीमा. परदेशी घड्याळं, कापड, दारू तिकडून रात्री येत असे आणि ती आणणाऱ्यांना गावात कुणी चोर म्हणत नसे, असं आत्या सांगायची. 15 ऑगस्ट 1955 ला बांद्यावरून पत्रादेवीला गेलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते घुसखोरच होते. सीमा ओलांडणारा प्रत्येक जण एकाच जातीचा नसतो, हे आपल्या मातीत रक्ताने लिहिलेलं आहे. तस्कर वेगळा, सत्याग्रही वेगळा, आणि पलीकडे माहेर असलेली बाई वेगळी.

आणि आपण स्वतः कोण आहोत? रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरं दर्यापार गेलेल्या माणसांच्या पैशांवर उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमानांपुढे तिथल्या सरकारने 1902 च्या कायद्याने युरोपीय भाषेत लिहून दाखवण्याची अट टाकली. गावी येऊन परत जायचं तर फोटो आणि अंगठ्याचे ठसे लावलेला परवाना. आपल्या खेड्यांतल्या माणसांना नकोसे, फसवे, मजुरी पाडणारे म्हणणारी भाषणं तिथे होत होती. आज आमच्या तिठ्यावर तीच वाक्यं मराठीत ऐकू येतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. आखातात गेलेल्या आपल्या मुलांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात हे घरोघर माहीत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कन्याकुमारीकडचे तीन मच्छीमार पगार थकवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या कुवेती मालकाची बोट घेऊन पळाले आणि थेट मुंबईच्या बंदरात येऊन पोचले. कायद्याने तेही समुद्रमार्गे विनापरवाना आलेले. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. सुरक्षेच्या दृष्टीने ती घटना गंभीर होती, कारण परदेशी बोट गेटवेजवळ येईपर्यंत कुणाला कळलं नाही. पण त्या तिघांकडे पाहून दहशतवादी आठवावा की गुलामीतून सुटलेली माणसं? दोन्ही प्रश्न वेगवेगळे हाताळता येतात. तेच मी म्हणतो आहे.

उत्तर कोकणात तर हे दुखणं आणखी जवळचं आहे. डहाणू-पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. पाण्यावर रेघ नसते. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या वादामुळे तिथली सागरी सीमा अजून आखलेलीच नाही. मासा जिकडे तिकडे जाळं, आणि पाकिस्तानची गस्ती नौका येऊन पकडते. नोव्हेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातला एक खलाशी त्यांच्या गोळीने बोटीवरच गेला. 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत नाव असावं म्हणून इथल्या आदिवासी पाड्यांवर बायका देव पाण्यात घालून बसतात. कराचीच्या कागदावर तो घुसखोर असतो. आपल्याला ठाऊक असतं की तो उचलीचे पैसे फेडायला गेलेला नवरा आहे.

म्हणून ग्रामसभेत जे बोललो नाही ते आता मांडतो. खलाशांची, बागेतल्या राखणदारांची, खाणमजुरांची नोंद व्हायलाच हवी, पण ती मालकाच्या माथी, परवान्याशी बांधून: नोंद नसेल तर बोटीला समुद्रात जाण्याचं टोकन नाही आणि खाणीला परवाना नाही. नोंद झालेल्या प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र हवं, मालकाच्या कपाटात नको. उचल दिली म्हणून आधार काढून घेण्याची पद्धत मी एका जेटीवर डोळ्यांनी पाहिली आहे. ती बंद करायला पोलिसांना नवा कायदाही लागत नाही. गावकऱ्यांच्या सागर सुरक्षा दलात परप्रांतीय खलाशांनाही घ्या, 1093 वर त्यांना समजेल अशा भाषेत बोलणारा माणूस बसवा आणि फोन करणाऱ्याची कागदपत्रं त्या फोनच्या निमित्ताने तपासली जाणार नाहीत, असं पोलिसांनी जेटीवर येऊन सांगावं. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गस्ती बोटींबद्दल आणि नाक्यावरच्या हप्त्याबद्दलही ग्रामसभेत ठराव यावा.

पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टला आहे. चादरवाल्याबद्दलचा ठराव रद्द करा आणि खाणमालकाकडे मजुरांची यादी मागा, असा अर्ज मी ग्रामसेवकाकडे दिला आहे. मागच्या वेळी ज्या दोघांना खाली बसवलं, त्यांच्या शेजारी मी बसणार आहे.